टोक काय सांगतं ते आधी पाहा
वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघरातली उपकरणं

प्रश्न : ताई, आम्ही झाकणाचं कोळशाचं ग्रिल घेतलंय. अख्खं चिकन, मटणाची मांडी असं काहीबाही त्यात भाजतो. पण आत काय चाललंय ते कळायला सारखं झाकण उघडावं लागतं आणि उघडलं की सगळी धग निघून जाते. लांबून वाचता येणारा थर्मामीटर घ्यायचा आहे. तारेचे आहेत, बिनतारी आहेत, ब्लूटूथचे, वायफायचे. वर्णनं वाचून डोकं चक्रावलं. यातला भरवशाचा कोणता?

उत्तर : आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. मांसाच्या गाभ्याचं तापमान बरोबर मोजलं जातंय का, हा एक भाग. मोजलेला आकडा तुम्ही जिथे बसला आहात तिथवर न चुकता पोचतोय का, हा दुसरा. जाहिरातींमध्ये सगळा भर दुसऱ्यावर असतो: इतक्या मीटरवरून दिसतं, ॲपमध्ये आलेख येतो. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे माझी नजर आधी प्रोबच्या, म्हणजे मांसात खुपसायच्या सळईच्या, टोकाकडे जाते. टोक खोटं सांगत असेल, तर तेच खोटं शंभर मीटरवर पोचवून उपयोग काय?

तुमच्यासाठी मी तारेचा प्रोब आणि वेगळा रिसीव्हर असलेला संच निवडेन. त्यात स्टीलची सळई मांसात जाते, तिची जाळीदार आवरणाची तार झाकणाच्या फटीतून बाहेर येते आणि ग्रिलशेजारी ठेवलेल्या डबीला जोडली जाते. बॅटरी, सर्किट, अँटेना हे सगळं धगीच्या बाहेर राहतं. डबी आकडा रेडिओने तुमच्या हातातल्या रिसीव्हरला पाठवते. असे बरेच संच ४३३ किंवा ९१५ मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरी भिंतींतून ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झपेक्षा बऱ्या जातात. फोन लागत नाही, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट गेलं तरी अडत नाही. प्रोब दोन असलेला संच घ्या. एक मांसात खुपसा आणि दुसरा चिमट्याने जाळीवर, मांसापासून तीन-चार बोटं लांब लावा. झाकणावर बसवलेला तबकडीचा काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, आणि तुमचं मांस असतं खाली जाळीवर. दोन्हींत बराच फरक पडू शकतो.

आता पूर्ण बिनतारी काडी. ती दिसायला सुटसुटीत आहे यात वाद नाही. सेन्सर, बॅटरी, अँटेना सगळं एकाच काडीत. पण ती चालते कशी, हे घेण्यापूर्वी समजून घ्या. नाजूक सर्किट काडीच्या मांसातल्या भागात बसवलेलं असतं, कारण मांसात पाणी भरपूर आणि पाणी आहे तोवर मांसाचा गाभा १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. म्हणजे मांसच त्या सर्किटला थंड ठेवतं. ‘मीटर’ या ब्रँडच्या पहिल्या प्रोबची मर्यादा आतल्या भागासाठी १०० अंश आणि बाहेरच्या टोकासाठी २७५ अंश होती, ती याचमुळे. नंतर जास्त धग सोसणाऱ्या काड्या आल्या, पण तत्त्व तेच. म्हणून काडीवर जी खूण कोरलेली असते तिथवर ती मांसात गेलीच पाहिजे. पातळ तुकड्यात अर्धी बाहेर राहिली आणि खाली निखारे फुललेले असले, तर काडी कामातून जाते.

शिवाय तुमचं ग्रिल म्हणजे लोखंडी पेटी. रेडिओ लहरींना धातू आडवा येतो. काडीचा संदेश हवेच्या भोकांतून, झाकणाच्या फटीतून जेमतेम बाहेर पडतो. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. बऱ्याच काड्यांबरोबर मिळणारी चार्जरची डबी संदेश पुढेही पाठवते. ती ग्रिलच्या अगदी जवळ ठेवली तर काम होतं. फिरत्या सळईवर मांस भाजायचं असेल तर मात्र मी स्वतः काडीच घेईन, तिथे तार गुंडाळली जाणार.

वायफायचं म्हणाल, तर घराबाहेर असतानाही आकडा बघायची खरंच गरज आहे का, हे आधी ठरवा. कोळसा पेटलेला असताना घर सोडून जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वायफायचा घ्यायचाच असेल तर एक गोष्ट विचारून घ्या: राउटर बंद पडला, कंपनीची सेवा बंद पडली, तरी डबीवर आकडा दिसतो का आणि ती स्वतः ओरडते का? उत्तर ‘नाही’ असेल तर मी घेणार नाही.

आणि जी गोष्ट खोक्यावर क्वचितच ठळक लिहिलेली असते ती म्हणजे संपर्क तुटल्याची सूचना. काही उपकरणं संपर्क तुटला की शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. तुम्हाला वाटतं मांस ५८ वर आहे, प्रत्यक्षात ते ७० ओलांडून गेलेलं असतं. नवा संच आला की प्रोब पेल्यातल्या पाण्यात ठेवा, रिसीव्हर घेऊन संपर्क तुटेपर्यंत लांब चालत जा आणि काय होतं ते बघा. कर्कश आवाज झाला किंवा आकड्याच्या जागी रेघा आल्या, तर उपकरण प्रामाणिक आहे. काहीच झालं नाही तर परत करा.

अचूकतेबद्दल थोडक्यात. पडद्यावर ६३.४ दिसतं म्हणजे दशांशापर्यंत बरोबर आहे असं होत नाही. माहितीपत्रकात अचूकता वेगळी लिहिलेली असते. ती अधिक-उणे १ अंश किंवा त्याहून चांगली असेल तर घ्या, २ अंशांची असेल तर मी घेणार नाही. तार किती तापमान सोसते हेही वेगळं वाचा. आणि सुटा प्रोब विकत मिळतो का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. डबी वर्षानुवर्षं चालते, आधी जातो तो प्रोब.

प्रश्न : नवीन थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला तर ९७ अंश दाखवतो. आम्ही समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर राहतो. ३ अंशांची चूक म्हणजे फारच झाली, परत पाठवू का?

उत्तर : पाठवू नका, तो बरोबर सांगतोय. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. ९०० मीटरवर ९७ हाच आकडा यायला हवा. १५०० मीटरवर राहणाऱ्याला ९५ दिसेल.

माझा जास्त विश्वास बर्फाच्या परीक्षेवर आहे, कारण उंचीने तिच्यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. फक्त ती नीट करायला हवी. मोठ्या पेल्यात बर्फाचा चुरा काठोकाठ भरा. मग फक्त फटी भरतील एवढंच पाणी ओता. पाण्यावर चार खडे तरंगताहेत असं दिसत असेल तर बर्फ कमी पडलाय, तळाचं पाणी ३-४ अंशांवर असू शकतं आणि तुम्ही विनाकारण थर्मामीटरला दोष द्याल. ढवळा, दोनेक मिनिटं थांबा, पुन्हा ढवळा. प्रोबचं टोक बरोबर मध्यावर धरा. ते तळाला टेकू देऊ नका, पेल्याच्या कडेलाही नको. आकडा स्थिर झाला की ० यायला हवा, फार तर एक अंश इकडे-तिकडे.

संचातले सगळे प्रोब एकाच पेल्यात एकदम धरा, म्हणजे त्यांचं आपसात जमतंय की नाही तेही दिसतं. दोन परीक्षा का, तर चूक सगळीकडे सारखी असेलच असं नाही. बर्फात बरोबर सांगणारा प्रोब उकळत्या पाण्यात चुकलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. दोन्हीकडे सारखीच दीड अंशाची चूक असेल आणि उपकरणात दुरुस्तीची सोय असेल तर तेवढी दुरुस्ती करून घ्या. सोय नसेल तर प्रोबवर चिठ्ठी लावा. ही परीक्षा नवीन असताना करा, प्रोब हातातून पडला तर करा, आणि मोठी पंगत बसणार असेल तर आदल्या दिवशी करा.

प्रश्न : एकाच चिकनमध्ये दोन प्रोब लावले. एक ६२ दाखवतो, दुसरा ७५. कोण खोटं बोलतंय? आणि कापल्यावर हाडाजवळ गुलाबी दिसलं, तरी खायचं का?

उत्तर : बहुतेक दोघंही खरं बोलताहेत. साध्या प्रोबमध्ये मोजणारा भाग टोकातल्या काही मिलिमीटरमध्येच असतो. बाकीची सळई फक्त दांडी. टोक जिथे आहे तिथलंच तापमान तुम्हाला कळतं, आणि एका चिकनमध्ये दोन बोटांच्या अंतरावर दहा-बारा अंशांचा फरक सहज असतो. ७५ वाला प्रोब पोटाच्या पोकळीत निघाला असेल, हाडाला टेकला असेल किंवा कातडीच्या फार जवळ असेल. टोक पोकळीत असेल तर ते मांस मोजत नाही, तिथली गरम हवा मोजतं.

छातीच्या मांसात प्रोब वरून उभा खुपसायचा मोह होतो. तसं करू नका. मानेच्या बाजूने, छातीच्या हाडाला समांतर, सगळ्यात जाड भागात आडवा सरकवा. मध्य ओलांडून थोडा पुढे जाऊ द्या आणि मग अगदी सावकाश मागे ओढत आकड्याकडे बघा. आकडा उतरत जाईल, एका जागी सगळ्यात कमी होईल आणि पुढे ओढल्यावर पुन्हा चढेल. तो सगळ्यात कमी आकडा जिथे आला तोच गाभा. टोक तिथे आणून सोडून द्या. मात्र हे भाजायला सुरुवात करून थोडा वेळ गेल्यावरच जमतं. कच्चं, थंड चिकन आतून-बाहेरून सारखंच असतं, तिथे आकडा काहीच वाट दाखवणार नाही. तेव्हा सुरुवातीला अंदाजाने लावा आणि मध्यावर एकदा झाकण उघडून जागा पक्की करा.

प्रोब सतत आत ठेवला तरी शेवटी हातातल्या झटपट थर्मामीटरने तीन-चार जागा तपासायच्याच: छातीच्या दोन्ही बाजू आणि मांडी धडाला मिळते ती खोलगट जागा. सगळ्यांत कमी आकडा येईल तोच खरा मानायचा.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे असे आहेत: चिकन आणि सगळे पक्षी ७४ अंश, खिमा ७१, अखंड मटण, बीफ किंवा पोर्क ६३ आणि त्यानंतर किमान ३ मिनिटं तसंच ठेवणं. ब्रिटनमध्ये गाभा ७० अंशांवर २ मिनिटं राहायला हवा असं सांगतात. दोन्ही सूचनांत विरोध नाही. जंतू मरतात ते तापमान आणि वेळ या दोन्हींच्या हिशेबाने. ७४ ला थांबायची गरजच उरत नाही, त्याखाली थांबावं लागतं. खिम्याचा आकडा अखंड मांसापेक्षा वर का, हेही नेहमी विचारलं जातं. अखंड तुकड्यावरचे जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात आणि तिथे धग आधी पोचते. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळला जातो.

गुलाबी रंगाचं उत्तर: सगळीकडे ७४ आला असेल तर खा. कोवळ्या पक्ष्यांच्या हाडांतून मगजाचा रंग बाहेर झिरपतो आणि हाडाजवळ लाली राहते. उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं आहे. खिम्याची टिक्की आतून तपकिरी दिसते आणि तापमान मात्र पोचलेलं नसतं. रंग, वाहणारा रस, घड्याळ यांतल्या कशावरही मी कुणाच्या लेकराला जेवू घालणार नाही.

प्रश्न : तापमान मोजणारी लाल ठिपक्याची बंदूक (इन्फ्रारेड थर्मामीटर) आमच्याकडे आहे. लांबूनच मोजते. ती चालेल?

उत्तर : मांसासाठी नाही. ती फक्त पृष्ठभागातून येणारं उष्णतेचं प्रारण मोजते, गाभ्याबद्दल तिला काहीच कळत नाही. तवा किती तापला हे बघायला छान आहे.

प्रश्न : डुकराचा अख्खा खांदा मंद धगीवर ठेवला. ६८ अंशांपर्यंत छान चढला आणि मग काही तास आकडा हललाच नाही. प्रोब बदलला, तरी तेच. दोन्ही बिघडले असतील का? आणि गजर कितीवर लावायचा?

उत्तर : दोन्ही शाबूत आहेत. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मोठा तुकडा असा अडतोच. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. मंद धगीवर, जेवढी उष्णता येते तेवढीच वाफेबरोबर निघून जाते. माठातलं पाणी गार होतं ना, तेच इथे घडतं. पृष्ठभाग सुकला की आकडा आपोआप चढू लागतो. घाई असेल तर जाड फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, म्हणजे वाफ निघून जाणार नाही. वरची खरपूस साल थोडी मऊ पडेल, ते मान्य असेल तरच करा. धग वाढवू नका एवढं मात्र आवर्जून सांगते.

याच कारणामुळे पूर्ण बिनतारी काडीचं बाहेरचं टोक ग्रिलचं तापमान नेहमी कमी दाखवतं. ते ओल्या मांसाला लागूनच असतं, तिथली हवा दमट आणि थंड. तो आकडा बघून कोळसे वाढवणाऱ्यांचं मांस करपतं. म्हणून जाळीवरचा वेगळा प्रोब मी इतका धरून बसते.

गजराचं गणित मांसावर आहे. तुमचा खांदा ६३ ला खायला सुरक्षित असला तरी चावणार नाही. त्यातल्या चिवट तंतूंचं जिलेटिन व्हायला ७० च्या वर बराच वेळ जावा लागतो, म्हणून तो ९० ते ९५ पर्यंत न्यायचा. तिथे पोचल्यावर प्रोब मांसात सहज, अडखळल्याशिवाय जातो का, ते हाताला जाणवू द्या. चार ठिकाणी सहज गेला की उतरवा. कोवळ्या मांसाचा, म्हणजे मटणाच्या मांडीचा किंवा छातीच्या मांसाचा, हिशेब वेगळा. ग्रिलमधून काढल्यावरही बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि गाभा ३ ते ५ अंश चढतो, तुकडा मोठा आणि धग कडक असेल तर त्याहूनही जास्त. तेव्हा गजर हव्या त्या आकड्याच्या तेवढा आधी लावा. प्रोब आतच राहू द्या आणि आकडा वर जाऊन थांबलेला स्वतः बघा. सुरक्षित आकडा गाठला गेला नाही तर परत आत ठेवायला वेळ असतो. अगदी मंद धगीवर भाजलेलं मांस एक-दोन अंशच चढतं, तिथे फार आधी काढू नका.

प्रश्न : धुतल्यापासून प्रोब खोलीतच ४० अंश दाखवतो, मधेच आकडे उड्या मारतात. जाहिरातीत तर पाणी जात नाही असं लिहिलं होतं.

उत्तर : सळई आणि तार जिथे चिमटून जोडलेली असतात तिथून पाणी आत गेलंय. बऱ्याच प्रोबमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि डबी तो रोध मोजून आकडा काढते. आत शिरलेलं पाणी विजेला आणखी एक वाट देतं, एकूण रोध कमी भरतो आणि डबीला वाटतं तापमान चढलं. म्हणून भिजलेला प्रोब नेहमी जास्त सांगतो, आणि ते घातक आहे: मांस कच्चं असताना गजर वाजतो. आतली तार तुटली तर मात्र उलट होतं, आकडा एकदम तळाला जातो किंवा नुसत्या रेघा येतात.

पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा तुम्ही वाचलात तो कशाचा होता ते पुन्हा बघा. बऱ्याचदा तो डबीचा असतो, प्रोबचा नाही. आयपी६७ लिहिलं असलं तरी त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास एवढाच. डिशवॉशरची वाफ आणि जोराची धार त्यात येत नाही.

प्रोब काही दिवस कोरड्या, उबदार जागी टोक खाली करून टांगून ठेवा आणि मग बर्फात तपासा. ० आला तर वापरा, आला नाही तर टाकून द्या, त्यावर आणखी जीव अडकवू नका. यापुढे फक्त सळई गरम पाणी आणि साबणाच्या फडक्याने पुसायची, पुन्हा स्वच्छ ओल्या फडक्याने, मग कोरड्या. कच्च्या मांसातून निघालेला प्रोब शिजलेल्यात खुपसण्यापूर्वीही हेच करायचं. जोड ओला होऊ द्यायचा नाही, बर्फाच्या परीक्षेतही नाही. तार ठेवताना सैल वेटोळं करा, जोडाशी तिला मुरड पडू देऊ नका, आणि ग्रिलवर ती निखाऱ्यांच्या वरून नेऊ नका. नवीन प्रोब मागवताना डबीच्या मागचा मॉडेल क्रमांक द्या. पिन बसली म्हणजे जमलं असं धरू नका: वेगळ्या कंपनीचा थर्मिस्टर त्याच भोकात छान बसतो आणि चुकीचा आकडा दाखवतो.